बिनफटीचं घर

आमच्या यानिश दाजींनी बांधलेल्या घरात मेणबत्तीची ज्योत हलत नाही. ही फुशारकी नाही, ही त्यांची कामाची पद्धत. घर उभं राहिलं, ओंडक्यांच्या सांध्यांत शेवाळ ठासून झालं, दारं-खिडक्या बसल्या, की ते सगळ्यांना बाहेर काढत, मेणाची एक बारीक मेणबत्ती पेटवत आणि भिंतीला चिकटून खोलीभर फेरी मारत. एकदा जमिनीलगत, एकदा कमरेच्या उंचीवर, मग शिडीवर चढून आढ्याखालून. ज्योत कुठे जराशी थरथरली की तिथे कोळशाची खूण. दुसऱ्या दिवशी तो सांधा उकलून पुन्हा बसवायचा. घरमालक रडकुंडीला येई. मुलाचं लग्न तोंडावर, पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली, आणि मिस्त्री सांधे उकलत बसलेले. पण जानेवारीत बाहेर थुंकी गोठायला लागली की तोच घरमालक चुलीपुढे सदऱ्यावर बसून दाजींना दुवा देई.

आमच्या पिस्तेनूर गावात म्हणतात, यानिशमिस्त्रींच्या घरात नवरा-बायको भांडले तर राग बाहेर जायला दार उघडावं लागतं. आता दिव्याखाली अंधार असायचाच. त्यांच्या स्वतःच्या घराची उत्तरेची खिडकी गेली तीस वर्षं शीळ घालते आहे आणि माझी बहीण साल्विका तिच्यात दर हिवाळ्याला जुन्या चिंध्या कोंबते आहे.

साल्विका माझी थोरली बहीण, म्हणून ते माझे दाजी. मी पियाल्चे. चाळीस वर्षं सरकारी गोठ्यात गाई पिळल्या. आता माझ्याकडे अकरा मेंढ्या आहेत आणि एक जीभ आहे. मेंढ्या आवरता येतात, जिभेचं खरं नाही. या गोष्टीत त्या जिभेचा हात आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

देव न मानणारं जुनं सरकार गेलं तेव्हा सगळ्यांचे देव आपापल्या घरी परतायला लागले. नदीपलीकडच्या रशियनांच्या निकोल्स्कोये गावातल्या चर्चमध्ये साठ वर्षं धान्याचं कोठार होतं. ते रिकामं झालं, पण घुमट कोसळलेला. घुमटाच्या लाकडी फासळ्या वळवून देईल असा माणूस पंचक्रोशीत एकच. दाजी गेले, दोन उन्हाळे तिथे राबले आणि असा घुमट उभा केला की पाद्रीबाबा खाली उभे राहून नुसते वर बघत राहिले. पुढे तातारांच्या सारीगुल गावात मशीद उठली. मिनाराचा आतला गोल जिना कुणाला जमेना. पुन्हा यानिशमिस्त्री. तेहतीस पायऱ्या, एकही करकरत नाही. तिथल्या मुल्लांनी त्यांना मधाचा आख्खा डबा दिला आणि मुलांच्या लग्नात मानाच्या जागी बसवलं. दाजी गमतीने सांगत, एकीकडे शिरताना टोपी काढायची, दुसरीकडे जोडे काढायचे, आणि आपल्या देवाकडे जाताना मात्र टोपी घालायची, जोडे घालायचे, फक्त आंघोळ चुकवायची नाही.

आमच्या देवाकडे बांधायचं असं काही नव्हतंच. आम्ही मारी जमातीचे लोक. आमचा थोरला पांढरा देव युमो, आणि त्याची जागा म्हणजे गावाच्या पूर्वेची देवराई. लिंडनची जुनी झाडं, मधे मधे भूर्ज, आणि सगळ्यात थोराड लिंडन ते युमोचं. तिथली काटकी मोडायची नाही, पडलेलं झाड उचलायचं नाही, ते तिथेच कुजू द्यायचं. मोठ्याने बोलायचं नाही, शिवी तर मनातही नाही. झाडाखाली शेकोटी, तिच्यावर मोठ्या कढया, वर आभाळ, झालं देऊळ. त्या देवराईत एक खिळा सापडायचा नाही. सरकार बदललं तेव्हा आम्हाला डागडुजी करावी लागली नाही, कारण मोडण्यासारखं तिथे काही नव्हतं. देवराई होती तिथेच होती, फक्त आम्ही लपून जायचो ते उघड जायला लागलो.

तर मिनाराचं काम संपलं त्या वर्षी साल्विकाच्या घरी जेवायला बसलो होतो. तीन पदरी घावन होते, दाजींनी आणलेला तो मध होता, घरची बिअर होती. माझी जीभ सुटली. मी म्हटलं, "दाजी, तुम्ही सगळ्यांच्या देवांना छप्पर दिलंत. आपला तेवढा पावसात भिजतोय."

सगळे हसले. दाजीही हसले. मी घरी आले आणि ते वाक्य विसरून गेले.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी तिमेरबाय आला. हा आमच्याच गावचा पोरगा, उत्तरेला तेलाच्या विहिरींवर गेला आणि तिथे पाइप जोडता जोडता ठेकेदार झाला. गाडी केवढी, तर आमच्या गल्लीत वळेना. मनाने मात्र चांगला. आईसाठी विहिरीवर पंप बसवला, शाळेला खिडक्या दिल्या, आणि मग त्याच्या डोक्यात देव शिरला.

त्याने चौकात सगळ्यांना गोळा केलं. त्याचं म्हणणं असं की रशियनांकडे चर्च आहे, तातारांकडे मशीद आहे, आणि आपण पन्नाशीचे-सत्तरीचे लोक ऑक्टोबरच्या गारठ्यात चार चार तास चिखलात गुडघे टेकतो. गेल्या शरदातल्या पूजेनंतर तीन म्हातारे न्युमोनियाने आडवे झाले, हे खरंच होतं. शिवाय त्याने जिल्ह्याच्या कचेरीतला एक फॉर्म आणला होता. त्यात रकाना होता: प्रार्थनास्थळाचा पत्ता. आमचे पुजारी, म्हणजे कार्त, सापाय आजोबा. त्यांनी मागे एकदा तो फॉर्म भरताना पत्ता म्हणून आपल्या गोठ्याचा नंबर लिहिला होता, कारण नंबर तेवढ्याच एका इमारतीला होता.

"आपल्या देवाला पत्ता नाही," तिमेरबाय म्हणाला. "माझी पोरं शहरात विचारतात, आपलं मंदिर कुठंय? मी काय सांगू, झाडात?"

"झाडात नव्हे, झाडाखाली," सापाय आजोबा म्हणाले.

आजोबा एकोणऐंशी वर्षांचे. घाईघाईने ते शिंकतसुद्धा नाहीत. त्यांनी तीन आठवडे विचार केला आणि मग अटी सांगितल्या. घर देवराईच्या कुंपणाबाहेर. देवराईतलं एक पानही लागता कामा नये. खिळा नको, सगळं सांध्यावर. आणि शेवटची अट अशी की घर युमोला हवं का नको हे युमोलाच विचारायचं. शरदातल्या पूजेचा मेंढा घरात आणायचा आणि कौल घरातच घ्यायचा. मिळाला तर ते युमोचं घर. नाही मिळाला तर नुसतीच चार भिंतींची खोली.

कौलाची आमची रीत साधी. मेंढ्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवर पाणी ओतायचं. त्याने अंग झाडलं की युमो हो म्हणाला. सात वेळा ओतूनही झाडलं नाही तर नाही म्हणाला.

घर बांधायला दुसरं कोण असणार? दाजी तेव्हा एकाहत्तरचे. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, शिडीवर चढताना आधी एक शिवी आणि मग एक पाय. तीन वर्षांपूर्वीच त्यांनी हत्यारं तेल लावून गुंडाळून ठेवली होती. तिमेरबायचा निरोप गेला आणि त्याच दिवशी त्यांनी पोतडी सोडली. साल्विका ओरडली, ते ऐकेनात. हे माझं शेवटचं काम, म्हणाले, आणि हेच खरं काम.

मला वाटलं म्हाताऱ्याला जोर चढलाय. जूनमध्ये एकदा त्यांचं जेवण घेऊन साल्विकाबरोबर बांधकामावर निघाले होते, तेव्हा वाटेत ती थांबली आणि म्हणाली, "तुला माहीत नाही. युमो आपल्यावर रुसलाय असं वाटतं यांना. परक्या देवांची घरं बांधली, मान घेतला, मध खाल्ला, आणि आपल्याला वाऱ्यावर सोडलं म्हणून. गुडघे गेले तेही त्यामुळंच म्हणतात."

"हे कुणी भरवलं त्यांच्या डोक्यात?" मी तणतणले.

"तू," साल्विका म्हणाली. "माझ्याच टेबलाशी बसून, माझेच घावन खात."

मला रस्त्यातच बसावंसं वाटलं. बारा वर्षं! माणसाने एखादी गोष्ट मनाला लावून घ्यावी म्हणजे किती? आणि लावून घेतली तर तोंडावर भांडावं, चार शब्द सुनवावेत, मीही चार सुनवले असते आणि मोकळे झालो असतो. पण दाजी तसले नाहीत. ते माझ्याशी तसेच हसून बोलत राहिले आणि आत तो कोळसा विझला नाही. मी त्या दिवशी माफी मागायला तोंड उघडलं आणि काय बोलले, तर "डाव्या बाजूचा ओंडका वाकडा दिसतोय." अशी माझी जीभ. नको तिथे धावते, हवी तिथे लंगडते.

"ओळंबा लाव आणि बघ," दाजी म्हणाले. ओंडका अर्थातच सरळ होता.

सप्टेंबरअखेर घर झालं. काय घर होतं! तिमेरबायने नदीपलीकडून विकत आणलेला पाइन, हातभर जाड ओंडके, कोपऱ्यांचे सांधे असे की त्यात नख शिरणार नाही. दीडशे माणसं उभी राहतील एवढी खोली, कोपऱ्यात विटांची मोठी चूल. त्यांनी मेणबत्तीची फेरी मारली तेव्हा पहिल्यांदाच आम्हाला आत उभं राहू दिलं. खालून, मधून, आणि तिमेरबायने शिडी धरली होती तेव्हा वरून. ज्योत चित्रातल्यासारखी सरळ. एकही खूण झाली नाही. दाजी खाली उतरले आणि भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "आता त्याला थंडी वाजायची नाही."

मग मी घरी येऊन माझा सगळ्यात चांगला मेंढा निवडला. दोन वर्षांचा, पांढराशुभ्र, अंगावर डाग शोधून सापडणार नाही. तिमेरबाय पैसे देत होता, मी घेतले नाहीत. माफी तोंडाने मागता येत नसेल तर मेंढ्याने मागावी, असा माझा हिशेब होता.

पूजेचा दिवस उजाडला तो निरभ्र आणि बोचरा. डबक्यांवर पापुद्र्याएवढा बर्फ, देवराईत वारा, लिंडनची पिवळी पानं उडत होती. आदल्या दिवशी सगळ्यांनी वाफेची आंघोळ केली होती. पांढरे सदरे, पांढरे डगले, पुरुषांच्या लोकरी टोप्या, बायकांचे रुमाल, हातात भाकरी, घावन, मध. एरवी आम्ही तसेच झाडाखाली गेलो असतो. त्या दिवशी दारातून आत गेलो, आणि दारात थोडी गर्दी झाली, कारण देवाकडे जाताना आधी कोणी शिरायचं हे आम्हाला माहीतच नव्हतं. झाडाला दार नसतं.

आत काय ऊब होती! तिमेरबायने पहाटेपासून चूल पेटवली होती. म्हाताऱ्यांचे चेहरे खुलले, बायकांनी रुमाल सैल केले. दाजी नव्या पांढऱ्या सदऱ्यात चुलीजवळ उभे होते, हात मागे बांधून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. मी मेंढ्याची दोरी धरून मधोमध, ताज्या पेंढ्यावर.

सापाय आजोबांनी प्रार्थना म्हटली आणि पहिली पळी ओतली. पाणी मेंढ्याच्या पाठीवरून शेपटीपर्यंत गेलं आणि पेंढ्यात टपटपलं. आम्ही श्वास धरून पाहत होतो. मेंढ्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडातला पेंढा चावायला लागला.

दुसरी पळी. मेंढ्याने डोळे मिटले.

तिसऱ्या पळीला त्याने पुढचे गुडघे मोडले, मग मागचे, आणि पेंढ्यात आरामात बसकण मारली. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. मी त्याला उठवला. दोन वर्षं हाताने चारलेला मेंढा, पण त्या क्षणी मला त्याचं शेपूट पिरगाळावंसं वाटलं. दाजींकडे बघायचा धीर झाला नाही, पण बघितलं. चेहऱ्यातलं रक्त उतरलं होतं.

आणि मग सगळं गाव, एक शब्द न बोलता, लबाडी करायला लागलं.

चौथी पळी ओतायच्या आधी बादली बदलली गेली. नव्या पाण्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते, ते कोणी टाकले हे युमोला माहीत. पाचव्या पळीला मेंढ्याच्या दोन्ही बाजूंच्या बायका ओठांचा चंबू करून हळूच फुंकर घालत होत्या. तिमेरबायची आई एप्रन झटकत होती, जणू तिला एकाएकी त्यावर पीठ दिसलं. मी सांगायला हवं, मीही त्याच्या मानेवर फुंकत होते. साल्विका पाठ टेकून दाराशी उभी होती आणि टाचेने दार इंचभर उघडून धरत होती. त्या फटीतून बाहेरच्या वाऱ्याची धार माझ्या घोट्यांना लागली. सापाय आजोबा आयुष्यात कधी खोटं बोललेले नाहीत. त्यांनी बघायला लागू नये म्हणून डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनी सहावी पळी ओतली.

मेंढ्याला वरून पाणी, खालून पेंढा, भोवती चुलीची ऊब. तो ढिम्म.

हे सगळं देवाला फसवण्यासाठी नव्हतं हो. कोणालाही तो कौल घरासाठी नको होता. एका माणसाचा चेहरा पडू नये एवढंच हवं होतं. गावातली निम्मी माणसं त्याने बांधलेल्या घरांत जन्मली होती.

पण ज्याने आयुष्यभर वारा शोधला त्याला तो इंचभर वारा कळणार नाही होय? दाजींनी मान वळवली. दाराकडे बघितलं, साल्विकाच्या टाचेकडे बघितलं, मग आमच्या चंबू केलेल्या तोंडांकडे.

"दार लाव, साल्विका," ते म्हणाले.

तिने लावलं.

"फुंकू नका कुणी. फट ठेवून कौल मागायचा असता तर मी घरच फटीचं बांधलं असतं."

आजोबांनी डोळे उघडले. दाजींकडे बराच वेळ पाहिलं आणि सातवी पळी ओतली, रीतीप्रमाणे, शांतपणे. कोणी हललं नाही. चुलीतलं लाकूड तडकलं तेवढंच. मेंढ्याने लांबलचक ढेकर दिली.

संपलं. सात झाल्या.

दाजींनी टोपी खाली ओढली. ते इतक्या हळू बोलले की मागच्यांना ऐकू गेलं नसेल. म्हणाले, "खोट घरात नाही, कार्तबाबा. घर तुम्ही पाहिलंत. मेंढ्यातही नाही. खोट माझ्यात आहे. त्यानं माझ्या हातचं नको म्हटलं."

आता मात्र मला राहवेना. देवाच्या कामात मोठ्याने बोलू नये, पण आपण देवराईत नव्हतोच, चार भिंतींच्या खोलीत होतो. मी म्हटलं, "दाजी, ते मी बोलले होते. युमो नव्हता बोलला. माझ्या तोंडाला युमोचं तोंड समजता का? मी मूर्ख बाई आहे, दोन पेले बिअर झाली होती माझी. त्याला पावसात भिजायला आवडत नसतं तर त्यानं झाडाखाली बिऱ्हाड केलं असतं का?"

बारा वर्षांनी का होईना, जीभ हवी तिथे धावली. दाजी माझ्याकडे बघत राहिले.

सापाय आजोबांनी पळी बादलीत ठेवली आणि दाढी कुरवाळली. त्यांनी विचार केला. घाई नाहीच. मग ते म्हणाले की नकार मिळाला हे खरं, पण तो कुणाला मिळाला हे मेंढ्याने सांगितलेलं नाही. नकार मेंढ्याला असू शकतो, घराला असू शकतो किंवा माणसाला. तेव्हा एकेक बाजूला काढून बघावं. "मेंढा तोच. दोरी यानिशच्या हातात दे, पियाल्चे. घर तेवढं इथंच राहू दे."

यावर मागे कुजबुज झाली. सात पळ्यांनंतर त्याच जनावराला पुन्हा विचारायची रीत नाही. आजोबा म्हणाले, देवाला घरात बोलवायचीही रीत नव्हती, ती आपण केली. एक गोष्ट आपण नवी केली, आता एक त्याला करू द्या.

आम्ही सगळे बाहेर पडलो. उबेतून एकदम त्या वाऱ्यात! माझ्या तर दातांवर दात वाजले. दाजी पुढे, दोरी धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पाऊल टाकत, मेंढा त्यांच्यामागे. कुंपणाचं फाटक ओलांडून युमोच्या लिंडनपर्यंत शंभर पावलं असतील. त्या शंभर पावलांत दाजींनी एकदाही मागे पाहिलं नाही. मला त्यांची मान दिसत होती आणि त्या मानेवरूनच कळत होतं की आता नकार आला तर हा माणूस पुन्हा देवराईत पाऊल टाकणार नाही.

लिंडनखाली ते थांबले. पांढऱ्या कपड्यांतलं सगळं गाव भोवती उभं राहिलं. आजोबांनी प्रार्थना म्हटली, पळी भरली, ओतली.

पाणी शेपटीपर्यंत पोचलंसुद्धा नसेल. मेंढ्याने असं अंग झाडलं, डोक्यापासून खुरापर्यंत, की आजोबांची दाढी, दाजींचा सदरा आणि माझं तोंड भिजून गेलं. आणि जणू कोणी शंका घेईल म्हणून त्याने पुन्हा एकदा झाडलं.

देवराईत मोठ्याने हसायचं नाही. म्हणून दीडशे माणसं तोंडावर हात, टोप्या, रुमाल दाबून उभी होती आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते. तिमेरबाय झाडाच्या पलीकडे तोंड करून डोळे पुसत होता. आपल्या घराची फजिती झाली म्हणून रडतोय का हसतोय ते मी वाकून पाहिलं, तर हसत होता. बरा निघाला पोरगा. साल्विका मात्र उघड उघड रडत होती आणि नवऱ्याच्या सदऱ्यावरचं पाणी रुमालाच्या टोकाने टिपत होती, जे टिपून काही उपयोग नव्हता.

दाजी तसेच उभे होते, दोरी मुठीत आवळून. त्यांना बहुतेक अजून खरं वाटत नव्हतं.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. कढयांखाली शेकोट्या पेटल्या, मांस शिजलं, त्याच पाण्यात लापशी पडली. मग शेवटची मोठी प्रार्थना. सगळे गुडघ्यांवर, कपाळ जमिनीला. आमच्या गावात या प्रार्थनेत कोणा एकाचं नाव घेत नाहीत. गुरांसाठी मागतात, मधमाश्यांसाठी, शेतासाठी, पोराबाळांसाठी, दूर कामाला गेलेल्यांसाठी. माणसांचं मागणं सगळ्यांचं मिळून. सापाय आजोबांनी ते सगळं मागितलं. मग थांबले. आम्हाला वाटलं विसरले. वय झालंय.

"हे थोरल्या पांढऱ्या युमो," ते पुढे म्हणाले, "आमच्या यानिशनं तुझ्यासाठी घर बांधलं. ते फार चांगलं झालं. तुझा वारा त्यात शिरला नाही, म्हणून तूही शिरला नाहीस. त्याचा राग धरू नकोस. तू मोठा आहेस, तुला दार पुरत नाही. आम्ही लहान आहोत, आम्हाला गारठा सोसत नाही, तेव्हा ते घर आता आम्ही वापरतो. तुझी पूजा इथं करू, आणि जेवायला तिथं बसू. शेजाऱ्यांच्या देवांची कामं त्यानं नीट केली, त्यामुळं तुझीच मान उंच झाली. यानिशचे हात तू दिलेस. ते चांगले आहेत. गुडघ्यांचं तेवढं बघ."

प्रार्थना संपली तशी माणसं उठायला लागली. दाजी उठले नाहीत. मला वाटलं गुडघे अडकले असतील. मी एका बाजूने आणि साल्विकाने दुसऱ्या बाजूने धरून उठवलं. कपाळाला माती, दाढीत पिवळं पान.

"पियाल्चे," ते म्हणाले, "माझं नाव घेतलं ना गं त्यांनी? का मला भास झाला?"

"घेतलं, दाजी," मी म्हटलं. "सगळ्या गावानं ऐकलं. चला आता, लापशी निवतेय."